कॅमेऱ्याच्या पोटातली शेगडी

सकाळी सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी मावशींनी उजवा अंगठा यंत्रावर टेकवला आणि यंत्राने हूं की चूं केलं नाही.

मावशी म्हणजे इस्पितळाच्या धुलाईघराच्या मुख्य. सव्वीस वर्षं त्याच तळघरात, त्याच वाफेत. हाताखाली सहा बायका, हातून रोज साडेतीनशे चादरी, दीडशे उशांचे अभ्रे आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतलं हिरवं कापड निराळं. एवढं सगळं रजिस्टरमध्ये आवक-जावक करून लिहायचं आणि शेवटी ताळा बसला नाही तर बसेपर्यंत घरी जायचं नाही, असा त्यांचा खाक्या. इस्पितळात मोठ्या डॉक्टरांचा चुकलेला अंदाज लोकांनी पाहिला होता. मावशींची चुकलेली बेरीज कोणी पाहिली नव्हती.

यंत्र होतं मागच्या दाराशी, भिंतीवर, तळहाताएवढं काळं. अंगठा लावला की हिरवा दिवा लागायचा आणि आतली बाई गोड आवाजात 'धन्यवाद' म्हणायची. मावशींना जन्मात कोणी इतक्या नेमाने धन्यवाद म्हटलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी अंगठा दोनदा लावला होता. आज बाई गप्प. दिवाही नाही.

"गेलं का परत?" मागून लांबडीने विचारलं. लांबडी धुलाईघरातली सगळ्यात उंच. वरच्या दोऱ्या तिच्या.

"गेलं. मेल्याला थंडी सोसत नाही."

मावशी हे चिडून बोलल्या होत्या. आपण खरं बोललो हे त्यांना दोन दिवसांनी कळायचं होतं.

मागच्या दारावरचे वॉचमन, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणत, मफलरमधून म्हणाले, "मी काही लिहून घेणार नाही हं मावशी. वही काढून घेतलीय माझी. साहेब म्हणाले, यंत्र आल्यावर वहीचं काय काम."

"लिहू नका. बघा तरी. सात जणी उभ्या आहोत का?"

"आहात."

"वाजले किती?"

"साडेसहाला तीन कमी."

"हे साहेबांना सांगाल?"

मिशीवाल्यांनी मिशी चाचपली. "विचारलं तर सांगेन."

"म्हणजे नाही सांगणार," मावशी म्हणाल्या आणि सातही जणी पायऱ्या उतरून कामाला लागल्या.

सव्वाआठच्या सुमाराला वरून कोणीतरी ओरडलं, यंत्र लागलं! मग हातातलं ओलं तसंच टाकून, कोपरापर्यंत साबण घेऊन सात बायका पायऱ्या चढल्या आणि ओळीने अंगठे लावून आल्या. बाईने सातही जणींना धन्यवाद म्हटलं आणि सातही जणींना पावणेदोन तास उशीर लावला.

पुढच्या दाराने आत शिरून तिथल्या यंत्रावर अंगठा का लावत नाहीत, असं कोणी विचारेल. तर पुढचं दार रुग्णांचं, डॉक्टरांचं आणि कार्यालयाचं. धुलाई, सफाई आणि स्वयंपाकघर यांचं दार मागचं. स्वयंपाकघरवाले पहाटे पाचलाच यायचे आणि सफाईवाल्या नऊला, म्हणून या दोघांना यंत्राच्या रुसण्याची झळ नव्हती. ती साडेसहाच्या पाळीवर नेमकी कोसळायची, आणि साडेसहाची पाळी फक्त धुलाईघराची.

तक्रार केली नव्हती असंही नाही. तीनदा केली. तक्रार ऐकायला होते हजेरीसाहेब. त्यांचं खरं पद बरंच लांबलचक होतं, पण माणूस किती वाजता आला यापलीकडे माणसाविषयी त्यांना काही जाणून घ्यायचं नसे, म्हणून हे नाव पडलं आणि त्यांना ते आवडलंसुद्धा. हजेरीसाहेब तक्रार आली की अकरा वाजता, चहा झाल्यावर, उन्हात चालत मागच्या दाराशी येत आणि स्वतःचा अंगठा लावत. धन्यवाद.

"यंत्र चालू आहे," ते म्हणत. "माणसं बंद आहेत."

हा विनोद त्यांचा त्यांना इतका आवडला की त्यांनी तो एक्सरे विभागात, औषधांच्या काउंटरवर आणि मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेऊन सांगितला.

एकदा म्हणाले, "सोड्याने तुमचे अंगठेच झिजलेत. यंत्र बिचारं ओळखणार कसं?"

"झिजलेत खरे," मावशी म्हणाल्या. "पण सव्वाआठला परत उगवतात का?"

याचं उत्तर म्हणून नोटीस आली. दोन महिन्यांत चौदा दिवस उशीर. सातही कर्मचारी, प्रत्येक वेळी, चार मिनिटांच्या आत एकामागून एक. नोटिशीत यासाठी शब्द वापरला होता 'संगनमत'. गुरुवारी अकरा वाजता समक्ष खुलासा करावा, सोबत एक व्यक्ती आणता येईल. खुलासा समाधानकारक नसल्यास सातही जणींना कमी करून धुलाईचं काम बाहेर देण्यात येईल.

मावशींनी ती दोनदा वाचली. मग घडी घातली, चादरीची घालतात तशी कडेला कड जुळवून, आणि पोलक्यात ठेवली. सव्वीस वर्षांत त्या दोन वेळा उशिरा आल्या होत्या. एकदा नवरा गेला तेव्हा आणि एकदा पूल बंद होता तेव्हा.

घरी सून भाजी चिरत होती. ही सून एका लहानशा कंपनीत होती आणि कचेऱ्यांमधून नेटवर्कच्या तारा टाकायची. कोणी विचारलं की मावशी सांगत, "आमची सून तारा ओढते," आणि हे अशा सुरात की जणू ती बैल ओढते. सुनेला हे माहीत होतं. तिने चार वर्षांत त्यावर एकदाही तोंड उघडलं नव्हतं; फक्त सासूबाईंचा मोबाईल अडला की तो पाच मिनिटं जास्त अडू द्यायची.

नोटीस वाचून ती म्हणाली, "आई, हे यंत्र भिंतीत वेगळ्या विजेवर लावलंय का?"

"कुठली वीज? एक निळी तार येते, झालं."

"म्हणजे तिच्यातूनच बोलणं जातं आणि तिच्यातूनच वीज येते."

"एकाच तारेतून? एका नळातून दूध आणि पाणी?"

"तसंच समजा. फक्त मिसळत नाही." सुनेने सुरी खाली ठेवली. "सगळ्या तारा जिथे जातात ती पेटी कुठे आहे तुमच्याकडे? दिवे लुकलुकत असतात बघा."

"ती होय! ती माझ्याच खोलीत. धुतलेले कपडे ठेवते ना, तिथे फळीच्या वर. गार खोली पाहिजे म्हणाले, तर माझी घेतली. मला विचारलं का कोणी?"

"उद्या तिचा फोटो काढून आणा. पुढून आणि मागून. आणि त्या चौदा दिवसांत काय वेगळं होतं ते आठवा."

"काही नाही. तेच काम, त्याच बायका."

"आठवा तरी."

मावशींनी आठवलं नाही. त्या आठवणीवर कधी विसंबत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टर काढलं. त्यात धुलाईवाल्यांचं एक खास खातं होतं, ज्याची कार्यालयाला गंधवार्ता नव्हती: कपडे दोरीवर किती वेळात वाळले. चौदा तारखा आणि त्यांच्यापुढे चौदा शेरे. 'धुकं. दुपारपर्यंत ओलं.' 'गारठा. चादरी आत पंख्याखाली.' 'धुकं.' 'धुकं.' एकही तारीख कोरडी नाही. आणि ज्या सकाळी ऊन लवकर आलं, त्या एकाही सकाळी उशीर नाही.

फोटोही काढला. फळीवर चढून, पेटीच्या मागची चिठ्ठी वाचता येईल असा.

संध्याकाळी सुनेने तो फोटो बोटांनी मोठा केला. "एकशे नव्वद वॉट," ती म्हणाली. "ही पेटी सगळ्यांना मिळून एवढीच वीज देते. आणि तोंडं आहेत चोवीस, सगळी भरलेली. काय काय जोडलंय कळलं असतं तर..."

"लिहून घे," मावशी म्हणाल्या. चादरी गोळा करत त्या दिवसभर सगळ्या मजल्यांवर फिरत. इस्पितळात कुठल्या खोलीत काय आहे हे त्यांच्याइतकं मोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. "टेबलावरचे फोन चौदा. छताला ती पांढरी ताटं असतात, मोबाईलच्या नेटची, चार. कॅमेरे जिन्यात एक, औषधांपाशी एक, लहान मुलांच्या वॉर्डात एक. अंगठ्याची यंत्रं दोन. आणि तो नवा डोळा, पुढच्या फाटकावरचा. गरगर फिरतो मेला. मोठ्या डॉक्टरांच्या नव्या गाडीवर ओरखडा आला ना, तेव्हा लावला. झाले चोवीस."

सूनबाई लिहिता लिहिता थांबली. "फाटकावरचा, म्हणजे उघड्यावर?"

"उघड्यावर. वर टोपी आहे त्याच्या."

"कधी लावला?"

"झाले तीन महिने. थंडीच्या तोंडावर."

सून हसायला लागली. मावशींना राग आला. सात जणींच्या पोटावर पाय येतोय आणि ही हसते!

"आई, त्या कॅमेऱ्याच्या पोटात शेगडी असते."

"काय असते?"

"शेगडी. लहानशी, विजेची. गारठा वाढला की, म्हणजे उजाडायच्या सुमाराला, आपोआप पेटते, म्हणजे त्याची काच धुक्याने आंधळी होत नाही. एरवी तो बारा वॉट खातो. शेगडी पेटली की तीस." तिने कागदावर बेरीज मांडली. "फोन चौदा, सहा-सहा धरा. ताटं चार, बारा-बारा. कॅमेरे तीन, सहा-सहा. यंत्रं दोन, आठ-आठ. झाले एकशे सहासष्ट. डोळा थंड असताना एकशे अठ्ठ्याहत्तर. पेटी खूश. शेगडी पेटली की..."

"एकशे शहाण्णव," मावशी म्हणाल्या. बेरीज त्यांना कोणी सांगावी लागत नसे. "सहा जास्त."

"मग पेटी काय करते? सगळं जळू नये म्हणून एकाची वीज तोडते. कोणाची, तर रांगेत जो शेवटी असेल त्याची. चोवीस नंबरला काय आहे?"

फोटोत चोविसाव्या तारेला चिठ्ठी बांधली होती. मागचे दार.

"आणि एक नंबरला?"

पुढचे फाटक.

मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला की सुनेने पुढ्यातला तांब्या सरकवला.

"अगं, एक नंबरला आमचं यंत्र होतं! सगळ्यात आधी आमचंच बसवलं होतं, चालतं का बघायला. मग तो कॅमेरा आला, तेव्हा हजेरीसाहेब स्वतः आले खोलीत. म्हणाले, मोठ्या डॉक्टरांच्या गाडीचा आहे, त्याला पहिला नंबर द्या, हे काढून मागे टाका कुठेतरी. कंत्राटदाराच्या माणसाने आमची तार उपटली आणि शेवटच्या भोकात खुपसली. आणि तो पडू नये म्हणून स्टूल कोणी धरलं होतं? मी! माझ्या दोन हातांनी!"

"अहो आई, बसा."

"बसू कशी? म्हणजे आम्ही दाराशी कुडकुडत उभ्या राहायचं आणि तिकडे डोळ्याला शेगडी? आमच्या अंगठ्याची वीज काढून त्याचं पोट शेकायचं? आणि वर आम्हीच आळशी! आम्हीच संगनमत!"

त्या रात्रीच्या जेवणात मावशींनी मीठ विसरलेली आमटी मुकाट्याने खाल्ली. उठताना मात्र सुनेला म्हणाल्या, "तारा ओढणं म्हणजे एवढं असतं होय." चार वर्षांची थकबाकी एवढ्या एका वाक्यात फिटली असं त्यांना वाटलं. सुनेलाही ते पुरलं. तिने सासूबाईंच्या मोबाईलचा तीन आठवडे अडलेला आवाज तिथल्या तिथे सुरू करून दिला.

गुरुवारी अकराला दोघी हजेरीसाहेबांच्या खोलीत. साहेबांनी आपल्या बाजूने कंत्राटदाराचा माणूस बोलावून ठेवला होता. लॅपटॉप मांडीवर, नजर पायांकडे.

"या कोण? वकील?" साहेबांनी विचारलं.

"सून," मावशी म्हणाल्या.

"सुनेला आणलंय भांडायला!"

"घरात भांडून सराव झालाय तिचा."

साहेबांनी कंत्राटदाराच्या माणसाकडे बोट केलं. "सांगा यांना. यंत्रात दोष आहे का?"

"यंत्रात नाही," तो माणूस म्हणाला. अगदी खरं बोलला.

"आणि पेटीत?" सुनेने विचारलं. "पेटी एकशे नव्वदची आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्याचा हीटर लागला की बेरीज किती होते?"

तो माणूस लॅपटॉपकडे असं बघू लागला की जणू लॅपटॉप आत्ताच मांडीवर येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "मी मोठी पेटी सुचवली होती. साहेब म्हणाले, चोवीस वस्तू, चोवीस भोकं, बरोब्बर बसतं. एकही भोक वाया नाही."

"नाहीच गेलं वाया!" हजेरीसाहेब अभिमानाने म्हणाले. त्यांची खरोखरच अशी समजूत होती की ज्याला भोक मिळालं त्याला वीज मिळाली. "चोवीसला चोवीस. तुमच्या धुलाईघरात इतका ताळा बसतो का?"

आता मात्र मावशींच्या डोक्यात तिडीक गेली.

"साहेब, माझ्या दोरीला चोवीस चिमटे आहेत. म्हणून मी तिच्यावर चोवीस ओली ब्लँकेटं घालते का? चिमटे मोजून कपडे वाळत नसतात. दोरी किती वजन धरते ते बघावं लागतं. एवढं आमच्या लांबडीलाही कळतं, आणि ती चौथी नापास आहे."

"भाषा सांभाळा. आणि ही सगळी तोंडची गणितं. मी स्वतः चौदा वेळा नाही तरी तीन वेळा यंत्र तपासलंय. चालू होतं."

"अकरा वाजता. उन्हात. त्या वेळी डोळ्याला थंडी वाजत नसते."

"मग थंडी आणू का तुमच्यासाठी?"

"नको," मावशी म्हणाल्या. "आम्ही आणलीय. चला मागच्या दाराशी. तुमचाच अंगठा लावा."

साहेब निघाले ते खोटं पाडायच्या उत्साहाने. मागच्या दाराशी लांबडी सोडून बाकीच्या पाच जणी पदर खोचून उभ्या. मिशीवालेही होते. साहेबांनी अंगठा लावला. हिरवा दिवा. धन्यवाद.

"झालं समाधान?"

"थोडं थांबा," सून म्हणाली.

"किती?"

"सकाळी आम्ही पावणेदोन तास थांबतो," मावशी म्हणाल्या. "तुम्ही दहा मिनिटं थांबा."

इकडे हे चाललं असताना लांबडी काय करत होती ते सांगायला हवं. ती पाव तासापूर्वीच शिडी घेऊन पुढच्या फाटकावर गेली होती. तिथल्या वॉचमनने विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, सफाई. हे खोटं नव्हतं. चादर स्वच्छच होती. स्वयंपाकघरातून आणलेला दोन बादल्या बर्फ, त्यात तासभर भिजवलेली दुहेरी चादर, आणि तिच्या घडीत बर्फाचा आणखी चुरा. ऑपरेशनच्या टेबलाला घालतात तशी कोपरे दुमडून तिने ती डोळ्याभोवती टोपीसकट गच्च लपेटली, वरून नाडी बांधली आणि शिडीवरच बसून राहिली. चादर कोमट झाली की दुसरी.

साहेबांनी दुसऱ्यांदा अंगठा लावला. धन्यवाद. तिसऱ्यांदा लावला. धन्यवाद. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना विनोद परत फुलू लागला. मावशींनी पदराचं टोक मुठीत आवळलं. पाच जणी यंत्राकडे अशा बघत होत्या, जशी आई तापाने फणफणलेल्या मुलाकडे बघते. चूल पेटायची की विझायची, ते त्या तळहाताएवढ्या काळ्या पेटीवर होतं.

"मावशी, माझ्याकडे दिवसभर..." साहेबांनी अंगठा चौथ्यांदा टेकवला आणि वाक्य तिथेच राहिलं.

दिवा नाही. आवाज नाही. साहेबांनी अंगठा पुसून पुन्हा लावला. दाबून लावला. मग तर्जनी लावली.

"सोड्याने झिजला असेल," एक जण म्हणाली आणि पाचही जणी फिदीफिदी हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

कंत्राटदाराच्या माणसाने लॅपटॉप उघडला, दोन-चार बटणं दाबली आणि कोणी न विचारता वाचून दाखवलं, कारण खोटं धरून त्याचेही हात दुखले असावेत. "अकरा वाजून एकवीस. चोवीस नंबर. वीज तोडली, एकूण मर्यादा ओलांडली." मग तो वर सरकत गेला. "पेटी हे सगळं स्वतःच लिहून ठेवते. सोमवारी सहा दहाला तोडली, आठ बाराला दिली. त्याआधी..."

मावशींनी रजिस्टर उघडलं आणि तारखांवर बोट ठेवत गेल्या. तो वाचेल, त्या मान हलवतील. चौदाला चौदा. हा ताळा बसला तेव्हा हसणाऱ्या बायकाही रजिस्टरवर वाकल्या. एकीने डोळे पुसले.

"मिशीवाले," मावशी म्हणाल्या, "आता तुम्हाला विचारलंय असं समजा."

मिशीवाल्यांनी घसा साफ केला. "रोज साडेसहाच्या आत येतात साहेब. सातही. मी बघतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?" साहेब त्यांच्यावर घसरले, कारण घसरायला दुसरं कोणी सोपं उरलं नव्हतं.

"वही काढून घेतलीत साहेब. मला वाटलं डोळेही काढून घेतले."

तेवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला. मोठे डॉक्टर. आवाज सगळ्यांना ऐकू येण्याइतका. "माझी गाडी दिसत नाहीये! पडद्यावर नुसतं पांढरं! काय झालंय फाटकावर?"

साहेबांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी शांतपणे सांगितलं, "चादर आहे म्हणावं. धुतलेली."

मोठे डॉक्टर खाली आले, सगळं ऐकलं आणि पाच मिनिटांत गेले. त्यांनी कोणाला रागावलं नाही, कोणाची क्षमाही मागितली नाही. 'बघून घ्या' एवढंच म्हणाले, आणि जाताना लांबडीला गाडीपासून शिडी लांब न्यायला सांगितलं.

हजेरीसाहेबांनी बघून घेतलं ते असं: दुपारी धुलाईघरात शिपायाबरोबर पत्र आलं. सातही कर्मचाऱ्यांचा चौदा दिवसांचा उशीर तांत्रिक अडचण लक्षात घेता सहानुभूतीपूर्वक माफ करण्यात येत आहे. खाली पोच म्हणून मावशींनी सही करायची.

बायकांनी आनंदाने हात पुसले. लांबडी म्हणाली, "करा सही मावशी. वाचलो."

मावशींनी पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि तसंच हातात घेऊन वर गेल्या. साहेब जेवणाचा डबा उघडत होते.

"हे काय?"

"माफ केलंय. नोटीस रद्द. अजून काय हवंय?"

"उशीर माफ केलाय. उशीर झाला होता का?"

"मावशी, शब्दांत काय ठेवलंय? परिणाम एकच."

"चादर धुवून दिली आणि चादर मळलीच नव्हती, हे एकच का साहेब? सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचे डाग काढते. न पडलेला डाग तुम्ही काढून दिलात म्हणून सही करू? उद्या माझ्या कागदांत वाचणारा काय वाचेल? बाई उशिरा यायची, साहेब दयाळू होते."

"आता यंत्र तसं दाखवतंय त्याला मी..."

"यंत्र मुकं झालं होतं. तुम्ही नव्हता. तुम्ही लिहा."

साहेबांनी दुसरं पत्र केलं: 'उशीर ग्राह्य धरण्यात येऊ नये.' मावशींनी परत दिलं. तिसरं केलं: 'उशीर झाल्याचे दिसून येत नाही.' तेही परत. डबा गार झाला. साहेब तांबडे झाले. मावशी खुर्चीवर बसल्याही नाहीत. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं आणि त्यांनी वाट पाहिलीही नाही. चौथ्या कागदावर अखेर उतरलं: सातही कर्मचारी चौदाही दिवशी वेळेवर हजर होते, नोंद चुकली ती कार्यालयाने मागच्या दाराच्या यंत्राच्या तारेची जागा बदलल्यामुळे. 'कार्यालयाने' हा शब्द लिहिताना साहेबांचं पेन दोनदा अडलं. अडू दिलं मावशींनी.

मग सही केली. आपल्या रजिस्टरमधल्यासारखी, पूर्ण नावाची, एक अक्षर न खाता.

मोठी पेटी यायला महिना लागेल असं ठरलं. तोवर मागच्या दाराची तार पहिल्या नंबरला परत गेली, डोळा चोविसाव्यात आणि त्याच्या पोटातली शेगडी बंद. या वेळी स्टूल हजेरीसाहेबांनी धरलं; मावशींचे हात चादरींनी भरलेले होते. मिशीवाल्यांना वहीही मिळाली, दोरीने दाराला बांधलेली.

पुढच्या सोमवारी दाट धुकं पडलं. साडेसहाला दोन कमी असताना सातही जणींना ओळीने धन्यवाद मिळाले. नऊच्या सुमाराला मोठ्या डॉक्टरांचा शिपाई धापा टाकत धुलाईघरात आला. पुढच्या डोळ्याला काही दिसत नाही, गाडी आहे की म्हैस तेही कळत नाही, काच पुसायला एक कोरडं फडकं हवंय.

मावशींनी फडकं दिलं. हातासरशी रजिस्टर ओढलं आणि जावकच्या रकान्यात लिहिलं: 'फडकं एक. पुढच्या फाटकाच्या डोळ्यासाठी. धुकं.' परतीचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. शिपाई वळला तेव्हा त्याला म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत परत आणून दे. नाहीतर उशीर लावीन."